घडीचं की अखंड पाटीचं?

वाजवताना समोर स्वरलिपीचे कागद ठेवायला घडीचं तारेचं स्टँड घरी पुरतं, असं काही जण म्हणतात. चार सुट्या कागदांना पुरेलही, पण जाडजूड वही ठेवली की ते मान टाकतं. माझं तर वाजवता वाजवता हळूहळू खाली बसायचं, आणि व्हायोलिनसकट मीही त्याच्यामागे वाकत जायचो! रोज उघडमीट करायची नसेल तर अखंड पत्र्याच्या पाटीचं, जड पायांचं घ्या. घेण्याआधी दांडा पूर्ण वर ओढून स्क्रू आवळा आणि पाटी तळहाताने दाबून बघा. घसरली तर तिथेच ठेवून या. पाटीखालची, वही जिच्यावर टेकते ती पट्टी 5 सेंमी तरी रुंद हवी. शिवाय वजनाने पाटी ज्या बाजूला कलते, तिकडेच तिपाईचा एक पाय वळवा, म्हणजे स्टँड सहसा कलंडत नाही.