मदत हवी आहे: एलएचसीसारख्या बोगद्यात सुटकेच्या दोन वाटांमध्ये किती अंतर चालेल?

प्रश्न
भूमिगत कणत्वरकाच्या (सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राच्या) बोगद्यातून माणसं बाहेर काढायचा आराखडा तपासतोय. नमुना म्हणून जिनिव्हाजवळचा एलएचसी (लार्ज हॅड्रॉन कोलायडर) हा कणत्वरक धरलाय: परीघ २६.७ किमी, वर यायच्या जागा आठ, म्हणजे दोन शाफ्टमध्ये (वर जाणाऱ्या उभ्या विहिरींमध्ये) सुमारे ३.३ किमी. युरोपात रस्त्याच्या नव्या बोगद्यात हेच अंतर ५०० मीटरच्या वर जाऊ देत नाहीत. मग इथे कसं चालतं? आणि आग लागलेली असताना लिफ्टने वर यायचं, हे खरं आहे का?

प्रतिसाद १
बीम (कणांचा झोत) चालू असताना बोगद्यात कुणी नसतंच. प्रवेशाचं दार उघडलं तरी इंटरलॉक (आपोआप चालणारी सुरक्षा यंत्रणा) बीम थांबवतो. आत जातात ती मोजकी, प्रशिक्षित, नोंद झालेली माणसं. त्यामुळे मीटर नव्हे, मिनिटं मोजा.

मधोमध असलेल्याला १,६५० मीटर चालायचंय. सेकंदाला १.२ मीटर धरले तर २३ मिनिटं. सोबतचा श्वसन-मास्क ३० मिनिटांचा असेल तर जेमतेम सात उरतात. पण ही सर्वांत वाईट स्थिती नाही, आणि आराखडे नेमके इथे चुकतात. आग शाफ्टपासून ३०० मीटरवर लागली आणि माणूस तिच्या पलीकडे असला, तर त्याला उलट दिशेने ३,००० मीटर जावं लागेल. तेच जवळजवळ ४२ मिनिटं. मास्क त्याआधीच संपतो.

म्हणून धूर अडवणारी मधली दारं हवीत. त्यांची जागा ठरवताना एकच कसोटी: पुढच्या दारापर्यंत पोचायचा वेळ धूर डोक्याच्या उंचीवर उतरायच्या वेळेपेक्षा कमी हवा. वीज गेली की दार आपोआप मिटलं पाहिजे. गळती दाराच्या झडपेतून कमी, केबल ट्रे आणि क्रायोजेनिक (अतिथंड द्रव नेणारी) नळी भिंतीतून जाते त्या फटीतून जास्त होते. नवी केबल ओढली की ती फट पुन्हा अग्निरोधक मालाने बुजवलीच पाहिजे.

लिफ्टचं खरं आहे. शाफ्ट ५० ते १७५ मीटर खोल आहेत. लिफ्टसमोरच्या जागेत हवेचा दाब जास्त ठेवतात, म्हणून धूर आत शिरत नाही. अशा जागांसाठी बंद दारावर ५० पास्कल (दाबाचं एकक) हे रुळलेलं मूल्य आहे, पण दार उघडायला १०० न्यूटनपेक्षा जास्त जोर लागता कामा नये. दाब वाढवत नेलात तर दमलेल्या माणसाला ते ढकलवणार नाही. देखभालीत कुणी दाराला पाचर लावून ठेवली, तर दाबच राहत नाही.

प्रश्नकर्ता
पंखे लगेच बंद करावेत का?

प्रतिसाद २
सरसकट नको. एलएचसीत हवा सम क्रमांकाच्या पॉइंटांतून (वर यायच्या त्या आठ जागांतून) आत येते, विषम पॉइंटांतून बाहेर जाते. म्हणजे धूर कुठे जाणार ते आधीच ठाऊक असतं. पंखे बंद केले की तो छताखालून दोन्हीकडे पसरतो. वेग वाढवला तर वाऱ्याच्या दिशेला चालणाऱ्यांना धूर गाठतो. माणसांनी वाऱ्याच्या विरुद्ध जायचं. शिवाय धुरात किरणोत्सारी धूळ असू शकते, म्हणून बाहेर फेकण्याआधी गाळणीचा विचार हवा.

केबल हॅलोजनमुक्तच (क्लोरीनसारखी मूलद्रव्यं नसलेलीच) घ्या. पीव्हीसी जळालं की हायड्रोजन क्लोराइड निघतो. डोळे मिटतात आणि दूरचे इलेक्ट्रॉनिक्सही गंजतात.

आणि चुंबक थंड ठेवणारं हेलियम विसरू नका. १९ सप्टेंबर २००८ रोजी एलएचसीत चुंबकांमधला एक सदोष विद्युत जोड जळला आणि सुमारे सहा टन हेलियम सुटलं. द्रव हेलियम तापून खोलीच्या तापमानाला आलं की ७०० पटींहून जास्त फुगतं आणि ऑक्सिजन हटवतं. ते छताकडे जातं, म्हणून वाकून चालायचं, धुरातही तेच. आर्गॉन किंवा थंड नायट्रोजन मात्र तळाशी साठतो. तुमच्या आराखड्यात हे वायू असतील तर ऑक्सिजन सेन्सर छताला आणि जमिनीलगत, दोन्हीकडे लावा.