काशीबाई आणि मस्तानी यांचा एकत्र पिंगा: दिग्दर्शकाला किती सूट द्यावी?

प्रश्न: ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) या चित्रपटात काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा घालतात, असे दाखवले आहे. त्याला कसलाही ऐतिहासिक आधार नाही. करमणुकीसाठी हे चालवून घ्यावे का?

उत्तर १: संवाद कल्पित असणारच, कारण बंद दाराआडचे बोलणे कोणी लिहून ठेवत नाही. त्यावर आक्षेप नको.

उत्तर २: मला मात्र तो प्रसंग खटकला. पिंगा हा मंगळागौरीच्या जागरणात, रात्री घरातल्या बायकांनी मिळून खेळायचा खेळ. माझ्या आजीच्या माजघरात तो नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून, धाप लागेपर्यंत चालत असे. पेशव्यांच्या घराने मस्तानीला कधीच मनापासून सामावून घेतले नाही, आणि तिचे सारे दुःख त्या दुराव्यातच आहे; एका गाण्यासाठी तो दुरावा पुसला, तर कथेचा गाभाच हरवतो.

उत्तर ३: सहमत. शिवाय १७२८ मध्ये पालखेडला निजामाची रसद आणि पाणी तोडून बाजीरावाने त्याला तहाला भाग पाडले, हा घोडदौडीचा डावपेच मुळातच इतका थरारक आहे की त्यात पदरचे काही घालावे लागत नाही.