बाजारातला डीपी रस्ता: मावेजा मोजायचा की टीडीआरवर भागवायचं?

पैठणगेटकर
संभाजीनगरच्या जुन्या भागात रुंदीकरण निघालं की दोनच सूर लागतात, ‘पाडा एकदाचं’ नाहीतर ‘हात लावू नका’. माझं म्हणणं असं की रस्ता शहराच्या विकास आराखड्यात (डीपी) आहे तर सरळ सक्तीचं भूसंपादन करा, मावेजा मोजा, मग मशीन आणा. भिंतीवर लाल रेघ मारली म्हणून जागा महापालिकेची होत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने पाडकामाआधी 15 दिवसांची नोटीस सक्तीची केली. त्यातून सूट आहे ती रस्त्यावरच्या अनधिकृत बांधकामाला. आराखड्यातला न घेतलेला रस्ता म्हणजे रस्ता नव्हे.

आकडेमोड
पैसा कुठून आणणार, दादा? दुकानाचं तोंड 12 फूट, रेघ 10 फूट आत. गेले 120 चौरस फूट, म्हणजे 11.15 चौरस मीटर. रेडीरेकनर, म्हणजे जागेचा सरकारी दर, 40,000 रुपये चौरस मीटर धरा. जमिनीचे 4.46 लाख. शहरात गुणक 1, त्यावर 100 टक्के दिलासा रक्कम, झाले 8.92 लाख. बांधकामाचंही तसंच दुप्पट. अशी 200 दुकानं धरली तर नुसत्या जमिनीपायी 17.84 कोटी. टीडीआर, म्हणजे जागेच्या बदल्यात दुसरीकडे जादा बांधायचा किंवा विकून टाकायचा हक्क, दिला तर दाट वस्तीत तिप्पट, 33.45 चौरस मीटरचं प्रमाणपत्र, आणि तिजोरीतून रुपया जात नाही. शिवाय 2013 च्या भूसंपादन कायद्याने गेलात तर सामाजिक परिणामाचा अभ्यास, कलम 11 ची प्राथमिक अधिसूचना, हरकतींचे 60 दिवस… तीन वर्षं कुठेच गेली नाहीत.

कलम१२६
शेवटचा मुद्दा चुकलाय, साहेब. आराखड्यातल्या आरक्षणाला नगररचना कायद्याचं कलम 126 लागतं. त्याखालची घोषणा हीच 2013 च्या कायद्यातली कलम 19 ची घोषणा समजतात, म्हणजे त्याआधीचे टप्पे लागत नाहीत, आणि तिथून 12 महिन्यांत मावेजाचा निवाडा करावा लागतो. हरकतीची खरी वेळ प्रारूप आराखडा निघाल्यावरचे 30 दिवस. तेव्हा नकाशा बघायला चार माणसं जातात; ओरड होते ती रेघ दारात आल्यावर.

आता टीडीआर. ज्याचं अख्खं दुकान 300 चौरस फूट, तो 33 मीटर वापरणार कुठे? विकणार बिल्डरला. सगळ्या गल्लीची प्रमाणपत्रं एकदम बाजारात आली की भाव पडतो. 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या प्लॉटला टीडीआर चढवता येत नाही, म्हणजे गिऱ्हाईकही मोजकं. त्यात सूत्र असं की टीडीआर जिथे निघाला तिथला रेडीरेकनर भागिले जिथे वापरायचा तिथला, आणि त्या पटीत मीटर वाढतात. 40,000 च्या गल्लीतले 33.45 मीटर 10,000 च्या भागात चढवले तर 133.8 मीटर होतात. हा गुणाकार बिल्डरला तोंडपाठ असतो, दुकानदाराला नाही.

किरायादार
मालकांचंच चाललंय सगळं. टीडीआर मालकाच्या नावे निघतो, दुकान चालवणाऱ्याला काय? 2013 च्या कायद्यात 3 वर्षांपासून ज्याची रोजीरोटी त्या जागेवर आहे तो बाधित कुटुंबात मोडतो. लहान व्यापाऱ्याला एकरकमी किमान 25,000. रक्कम किरकोळच, पण दावा तरी टाकता येतो. किराया पावती, लाइट बिल, दुकान नोंदणी जपून ठेवा.

गवंडीकाम
10 फूट कापल्यावर उरतं काय, हे कोणी बोलेना. जुन्या धाब्याच्या घराच्या तुळया समोरच्या भिंतीवर टेकलेल्या असतील तर भिंत गेली की एक टोक अधांतरी. आधी रेघेच्या दोन-तीन फूट आत टेकू द्यायचे. मग माळवदाची माती उतरवायची. ओझं तिचंच असतं. टेकूच्या पुढे तुळई करवतीने कापायची आणि शेवटी भिंत काढायची. मशीनवाला उलटं करतो. बकेट वरून ओढतो, तुळई सामाईक भिंतीतून उपटते आणि रेघेत नसलेल्या शेजाऱ्याची भिंत पोटात फुगते. म्हणून 2013 च्या कायद्याचं कलम 94 बघा: घराचा तुकडाच घ्यायचा असेल तर मालक ‘अख्खं घ्या’ म्हणू शकतो. निवाड्याआधी लेखी द्यायचं. टीडीआरचा करार करून बसलात तर हे कलम गेलं.

आकडेमोड
आणि सगळ्यांनी ‘अख्खं घ्या’ म्हटलं की, 300 फुटांचं दुकान धरलं तर, ते 17.84 कोटी 45 कोटींच्या घरात जातात. मग रस्ता होत नाही. 10 वर्षं उलटली की कोणी नगररचना कायद्याच्या कलम 127 ची खरेदी सूचना, म्हणजे ‘जागा विकत घ्या’ अशी नोटीस, देतो, 24 महिन्यांत महापालिका हलली नाही तर आरक्षण गेलं. अग्निशमनचा बंब मग चौकातच थांबवा.

पैठणगेटकर
मग एका वेळी 50 दुकानांचा टप्पा घ्या, पैसे आहेत तेवढाच. अर्धवट पाडून दोन वर्षं राडारोडा ठेवण्यापेक्षा बरं.

कलम१२६
टप्पा करा नाहीतर थेट खरेदी, आधी पीआर कार्डावर, म्हणजे मिळकत पत्रिकेवर, वारस लावून घ्या. तिथे अजून आजोबांचंच नाव असेल तर खरेदी सूचनेला मालकीचे कागद पुरे पडत नाहीत. वाद दिसला की रक्कम भूसंपादनाचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणात जमा होते, ताबा मात्र थांबत नाही.