चर्चा: मुलाला ‘तपासून घ्या’ सांगण्याआधी शाळेने लेखी द्यायला हवं

घोडबंदरची आई
पालकसभा संपली की एखाद्या आईला थांबवायचं आणि हळूच सांगायचं, “एकदा काउन्सेलरला दाखवून घ्या.” कारण विचारलं तर “फोकस नाही, लिखाण अपुरं राहतं.” आमच्या दुसरीतल्या मुलाबद्दल हेच झालं. वाचताना अडतो, फळ्यावरचं उतरवताना अडतो की ऐकलेलं त्याच्या लक्षात राहत नाही, यातलं काहीच शाळेला सांगता आलं नाही. पुढे खर्च आमचा, रजा आमची आणि रात्रीची झोपही आमचीच उडालेली.

माझं म्हणणं एवढंच आहे. काय दिसलं, कधीपासून दिसतंय आणि वर्गात काय बदलून पाहिलं, हे शाळेने कागदावर द्यावं. पुढच्या बाकावर बसवलं का? तोंडी उत्तर घेऊन पाहिलं का? हे न करता पाठवणं म्हणजे जबाबदारी झटकणं. केंद्र सरकारच्या २०१८ च्या सूचनांत अध्ययन अक्षमतेसाठी, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकताना सतत येणाऱ्या अडचणीसाठी, पद्धत दिलेली आहे: तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा शिक्षकांनी चाचपणी करायची, मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली समिती, समितीने पालकांशी बोलायचं, मग बालरोगतज्ज्ञांकडे पाठवायचं. तुमच्या शाळेत ही समिती कुणी पाहिली आहे का?

ऐरोलीच्या बाई
ताई, तुमचा त्रास खरा आहे, पण उपायाशी मी असहमत. मी प्राथमिकला शिकवते. लेखी दिलं की दुसऱ्या दिवशी पालक मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये. “आमच्या मुलाला वेडा ठरवता का?” हे मी स्वतः ऐकलंय. तुमची अट आली तर आज ज्या बाई निदान तोंडी तरी सांगतात, त्याही गप्प बसतील. नुकसान मुलाचं.

आणि दंगा करणारी मुलं कशीतरी लक्षात येतात हो. माझ्या वर्गात एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखं, वही नेहमी पूर्ण. फळ्यावरचं हुबेहूब उतरवायची, पण स्वतःच्याच वहीतलं वाचायला सांगितलं की मान खाली. शांत म्हणून आधीच्या वर्गांत कुणाला शंकाही आली नाही. अशा मुलीसाठी मी नोंदींचा कागद पुरा होईपर्यंत थांबू का?

घोडबंदरची आई
बाई, पण तुम्ही आत्ता लिहिलंत ना, “उतरवते पण वाचता येत नाही”? नेमकं हेच वाक्य मला हवं होतं. ते घेऊन डॉक्टरकडे गेलं तर त्यांना कुठून सुरुवात करायची ते कळतं. “फोकस नाही” घेऊन गेलं तर काय कळणार?

वाशी, विशेष शिक्षिका
दोघींना एक सांगते. चाचण्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी डोळे आणि कान, मग बुद्ध्यांक, त्यानंतर वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठव्या वर्षाआधी मिळत नाही आणि १४ व्या व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी करायची असते. म्हणून दुसरीतल्या मुलावर ‘एलडी’चा, म्हणजे अध्ययन अक्षमतेचा, शिक्का मारणाऱ्या शाळेवर माझा राग आहे. पण मदतीसाठी मूल आठ वर्षांचं होण्याची वाट पाहायची नसते. बोलणं उशिरा आलं असेल, मूल हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर एक महिनाही दवडू नका.

आणखी एक. घरी मराठी किंवा भोजपुरी आणि शाळा इंग्रजी माध्यमाची, अशी घरं नवी मुंबईत किती आहेत! ते मूल इंग्रजीत अडखळतं, म्हणजे लगेच अक्षमता होत नाही. घरच्या भाषेतली गोष्ट ते नीट सांगतं का, हे आधी पाहा. शाळेच्या नोंदीत हे असतं तर निम्मा गोंधळ टळेल, म्हणून मी लेखीच्या बाजूने.

दिव्यातला बाबा
तुम्ही शाळा कशी पाठवते यावर भांडताय. आमच्याकडे कुणी पाठवतच नाही. माझा मुलगा आठवीपर्यंत पुढे सरकत गेला. “मठ्ठ आहे” हा शब्द त्याच्यासमोर वापरला गेला. दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो, हे मला एका क्लासवाल्या सरांनी सांगितलं, शाळेने नाही. प्रमाणपत्र सरकारने ठरवलेल्या रुग्णालयाचंच लागतं, आणि तिथे एका खेपेत काम होत नाही. रोजावर काम करणाऱ्याने काय करायचं?

मला लेखी-तोंडीशी देणंघेणं नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या कलम १६ मध्ये मुलांमधली अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणं हे शाळांवर टाकलंय. मग तिसरीतल्या सगळ्याच मुलांची चाचपणी करा, बाईंना शंका येवो न येवो.

कोपरखैरणे_पालक
सगळ्यांची चाचपणी नको. खासगी शाळेत नाव यादीत आलं की पुढचं वाक्य ठरलेलं: शॅडो टीचर (वर्गात मुलासोबत बसणारी मदतनीस) आणा, पैसे तुम्ही द्या. माझ्या भाच्याच्या वेळी नंतर “दुसरी शाळा पाहिलीत तर बरं” इथपर्यंत गेलं. ओळखणं आणि बाहेर काढणं यात यांना फरकच दिसत नाही.

वाशी, विशेष शिक्षिका
म्हणून चाचपणीच थांबवायची? यादीचा गैरवापर होतो त्यावर भांडा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण घालून दिलंय. शाळेने शिक्षक नेमायचा आहे, पालकांनी सावली विकत घ्यायची नाही.

घोडबंदरची आई
दिव्यातल्या दादांचं पटतं, तिसरीत सगळ्यांची चाचपणी व्हावी. पण पुढे पाठवताना कागद हवाच. जूनच्या पालकसभेत मी समितीची मागणी लेखी देणार आहे.

ऐरोलीच्या बाई
चार ओळी मी लिहीन. पण खाली मुख्याध्यापकांची सही असेल तरच. पालक चिडून आले की वर्गशिक्षिकेला एकटीला पुढे करतात, तेवढं तुमच्या मागणीत घाला.