बीपीच्या गोळीने आईचे पाय सुजतात, गोळी बंद करावी का?

कोरेगावकर:
आई ६४ वर्षांची, गावी असते. बीपी १६८/९८ निघालं म्हणून आरोग्य केंद्रातून अ‍ॅम्लोडिपिन ५ सुरू झाली, पुढे १० केली. आता १३२/८४ आहे, पण संध्याकाळी घोटे सुजतात, बोट दाबलं की खळगा पडतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "या गोळ्यांनी किडनी जाते गं, बंद कर." परवापासून आईने गोळी घेतलेली नाही. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, मग कशाला खायची, म्हणते.

रिटायर्ड सिस्टर:
दादा, उद्याच आईंना केंद्रात न्या, गोळ्यांची स्ट्रिप आणि कार्ड सोबत घेऊन. मनाने बंद करायची नाही.

अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजलेले आम्ही कायम बघायचो, १० वर तर जास्तच. या गोळीने बारीक धमन्या सैलावतात, शिरा तेवढ्या सैलावत नाहीत. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो, पाणी झिरपतं आणि घोट्यात उतरतं. म्हणून लघवीची गोळी देऊनही ही सूज फारशी हटत नाही. डॉक्टर बहुतेक परत ५ वर आणून जोडीला टेल्मिसार्टन ही बीपीची दुसरी गोळी देतील.

काकूंनी मात्र उलटंच धरलंय. किडनी जाते ती वाढलेल्या बीपीने. तेव्हा किडनी कशी चालते ते कळायला रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्याच. आडवं झाल्यावर धाप लागली किंवा एकच पाय सुजला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि बीपी दुखत नसतंच हो! लकवा मारून वॉर्डात आलेल्यांचे नातेवाईक हेच सांगायचे, "काल संध्याकाळपर्यंत शेतात होते."

औषधवाला:
गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक वगैरे घेतात का? त्याने सूजही येते, बीपीही चढतं. त्यात टेल्मिसार्टन सुरू झाली तर दोन्ही मिळून किडनीवर जास्तच ताण. गिऱ्हाईक बीपीच्या गोळीला दहा प्रश्न विचारतं आणि दुखण्याच्या चार गोळ्या न विचारता नेतं.

कोरेगावकर:
घेते की! बाजारच्या दिवशी पुडीत बांधून आणते. हे डॉक्टरांना कुणी सांगितलेलंच नाही. मिश्रीही आहे, पण तिचं नाव काढलं की भांडण.

रिटायर्ड सिस्टर:
पुडी दाखवायला न्या. मिश्रीवरून आत्ता भांडू नका, फक्त ती लावल्यावर अर्धा तास बीपी मोजू नका. पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसवा, पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या उंचीला टेकवलेला. क्रिएटिनिन किती आलं ते इथे कळवा.