शब्दचर्चा : जोखीम, धोका आणि प्रतिबंध

प्रश्न :
मुंबईतल्या समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथीयांमधल्या एचआयव्ही संशोधनाची एक प्रश्नावली मराठीत करते आहे. 'रिस्क'ला मसुद्यात कुठे 'धोका' आहे, कुठे 'जोखीम'. दोन्ही एकाच अर्थाचे धरले तर चालेल का? आणि 'प्रिव्हेन्शन'ला 'प्रतिबंध' बरोबर ना?

उत्तर १ :
ताई, मुंबईत तरी एक धरू नका. मराठीत धोका म्हणजे संकट, हिंदीत दगा. सांताक्रूझला मी एकदा प्रश्न वाचून दाखवत होतो, "तुम्हाला एचआयव्हीचा धोका किती वाटतो?" समोरची कोती (बायकी वळणाची, पुरुषांकडे ओढा असलेली पुरुष-देहाची व्यक्ती) मूळची सोलापूरची, पण रोजचं बोलणं मुंबईच्या हिंदीत. तिने दचकून विचारलं, "धोका? माझ्या पंथीने दिला?" पंथी म्हणजे तिचा जोडीदार. पुढची सगळी उत्तरं तिने त्याची बाजू सावरत दिली. त्यातलं काहीच वापरता आलं नाही.

जोखीम हा शब्द मला जवळचा वाटतो. आमची आजी दागिन्यांनाच जोखीम म्हणायची : "लोकलला गर्दी असते, अंगावर जोखीम नको." जपायची वस्तू आणि तिच्यापायी वाटणारी भीती, दोन्ही त्यात आहेत, कुणाचा दोष नाही. पण हाच शब्द 'अतिजोखमीचा गट' असा माणसांना चिकटवला की शिक्का होतो. तो कृतीला लावा : 'जोखमीचा संबंध'. लागण झालेल्या, उपचार न घेणाऱ्या जोडीदाराशी निरोधाशिवाय संबंध आला, तर गुदसंभोगात घेणाऱ्याला लागण होण्याचं प्रमाण दर १०,००० वेळांमागे सुमारे १३८; योनिसंभोगात बाईला सुमारे ८. उलट, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या अभ्यासात ७८२ समलिंगी जोडप्यांमध्ये सुमारे ७६,००० वेळा निरोधाशिवाय संबंध आले आणि जोडीदाराकडून लागण एकालाही झाली नाही, कारण बाधित जोडीदाराच्या रक्तातला विषाणू औषधांनी दबलेला होता. माणसं त्याच 'गटा'तली. मग जोखीम गटात कशी?

'प्रतिबंध' तर काढूनच टाका. ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत ३७७ कलमाखाली ज्यांचं प्रेमच गुन्हा होतं, त्यांना तो शब्द बंदीसारखाच ऐकू येतो. 'बचाव' म्हणा.

उत्तर २ :
'बचाव'ला माझंही मत. पण 'गट' सरकारी कागदांत राहू द्या, निधी त्याच नावाने येतो. तृतीयपंथी कितीतरी वर्षं एमएसएममध्येच, म्हणजे पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांच्या गटातच मोजले जायचे. वेगळं नाव मिळालं तेव्हा कुठे त्यांचे आकडे वेगळे दिसू लागले.

आणखी एक : 'प्रेप' (एचआयव्हीपासून बचावासाठी संबंधाआधीपासून घ्यायचं औषध) आणि 'पेप' (जोखमीच्या संबंधानंतर घ्यायचं) तोंडी सांगताना हमखास घोटाळा होतो. मी 'आधीची गोळी' आणि 'नंतरची गोळी' म्हणतो. नंतरची ७२ तासांच्या आत सुरू करायची आणि २८ दिवस घ्यायची, हे लगेच जोडून सांगतो. ऐकण्यात एका अक्षराची चूक झाली तर ते ७२ तास हातचे जातात.

प्रश्नकर्ती :
दोघांचेही आभार. प्रश्न असा बदलला : "गेल्या महिन्यात निरोध न वापरता संबंध आला, असं किती वेळा झालं?" जोखीम हा शब्दच उरला नाही, ती आम्ही उत्तरांवरून मोजू. उद्या मालाडच्या मालवणी वस्तीत वाचून दाखवणार आहे. अडखळायला झालं तर परत येते.