खडकवासल्यासाठी विंडसर्फिंगचे शीड कसे ताणावे? (मर्यादा ८००० रुपये)

वारजेकर_नवखा: नमस्कार. मी ६.० चौरस मीटरचे जुने शीड घेतले असून त्यावर लफ (डोलकाठीलगतची कड) ४५२ आणि बूम (हाताने धरायची आडवी दांडी) १७६ असे सेंटिमीटरमध्ये छापलेले आहे. ४३० सेंटिमीटरचा मास्ट (डोलकाठी) आणि बुडाला जोडायच्या एक्स्टेन्शनचे २२ सेंटिमीटर मिळून लांबी बरोबर भरते. तरीही मास्टच्या खिशालगत सुरकुत्या राहतात आणि डोंगराआडून वाऱ्याचा झोत आला की बूम हातातून हिसकली जाते. ८००० रुपयांत काय बदलावे?

कार्बनवाला: आपण ८००० चा विचार सोडून द्यावा. मी शंभर टक्के कार्बनचा मास्ट घेतला आणि मनगटांचे दुखणेच गेले. किंमत येथे लिहीत नाही, कारण घरची मंडळीही हे वाचतात.

मुळशीवारा: दोष मास्टचा नसून डाउनहॉल (शीड मास्टच्या बुडाकडे खाली ओढणारी दोरी) अपुरा ताणलेला असावा. तो पुरेसा ताणला की सुरकुत्या जातात आणि वरच्या बॅटनांजवळची (शिडातील आडव्या पट्ट्यांजवळची) मागची कड सैल पडते. नवख्याला ती बिघडल्यासारखी वाटते, परंतु झोत आल्यावर तीच कड उघडून जादा वारा सोडून देते. नुसत्या हातांनी एवढा ताण येत नाही, म्हणून दोरी हार्नेसच्या (कमरेच्या पट्ट्याच्या) हुकाला गुंडाळावी, मास्टच्या बुडाला पाय टेकवावा आणि पाठ सरळ ठेवून अंगाच्या वजनाने ओढावे. आउटहॉल (शीड बूमच्या टोकाकडे ओढणारी दोरी) त्यानंतर, तोही थोडाच.

जुनी_डोलकाठी: मास्टचा बाकही तपासावा. मला एका विक्रेत्याने मऊ शेंड्याच्या शिडासाठी कडक शेंड्याचा मास्ट गळ्यात मारला होता. कितीही ताणले तरी शीड नीट बसत नसे. ४३० च्या मास्टवर आयएमसीएस (मास्टच्या कडकपणाचा आकडा) २१ च्या आसपास असावा.

कार्बनवाला: कार्बनचे प्रमाण पाहिले की पुरे.

जुनी_डोलकाठी: प्रमाणाने वजन कमी होते, बाक जुळत नाही. या दोन गोष्टी आपण प्रत्येक धाग्यात एकत्र करता.

पानशेत_पडाव: माझ्या मते डाउनहॉल कमी पडतो आहे. (वर कोणी लिहिले असल्यास क्षमस्व.) चार मिलिमीटरची, न ताणणारी डायनीमाची दोरी घ्यावी, जुनी फुगीर दोरी कप्प्यांत अडकते आणि आपल्याला वाटते की ताण पूर्ण झाला. शिवाय बूम खांद्याच्या उंचीवर बांधावी.

कार्बनवाला: खांद्याच्या नव्हे, हनुवटीच्या.

वारजेकर_नवखा: सर्वांचे आभार. दोरी बदलून अंगाच्या वजनाने ओढल्यावर सुरकुत्या गेल्या. उरलेल्या पैशांत मात्र मी ५.० चे एक जुने शीड घेत आहे, कारण झोतांत मला मुळात लहान शीडच हवे आहे.

जुनी_डोलकाठी: ५.० साठी बहुधा ४०० चा मास्ट लागतो. म्हणजे पुन्हा खर्च आलाच.

वारजेकर_नवखा: त्या शिडाचा माथा उघडा असून पट्टा मागेपुढे करता येतो, त्यामुळे ४३० चा मास्ट वरून बाहेर राहिला तरी चालेल. व्यवहार ठरला आहे.

कार्बनवाला: ४०० चा कार्बन मास्ट माझ्याकडे पडून आहे. ८००० मध्ये अर्थातच मिळणार नाही.